कोल्हापूर, जांभा आणि भट्ट्या

शुक्रवार : शिरोली

कोल्हापूरला लोक अंबाबाईला जातात, रंकाळ्यावर फिरतात, येताना चपला आणि गुळाची ढेप घेऊन येतात. आम्ही या जानेवारीत गेलो ते भट्ट्या बघायला. दहावीच्या वर्गात मी दरवर्षी झोतभट्टीचं, म्हणजे खनिजातून लोखंड काढणाऱ्या मोठ्या भट्टीचं, चित्र फळ्यावर काढते. त्यात नवऱ्याच्या मावसभावाची शिरोली एमआयडीसीत फौंड्री. तो फोनवर म्हणाला, "वहिनी, रविवारी एक सर दगडातनं लोखंड काढणार हाईत. बघायचं असलं तर या." मग नवऱ्यानेही रजा टाकली.

रात्रीच्या बसने सकाळी कावळा नाक्यावर उतरलो. थंडी चांगलीच होती. आंघोळी उरकून आधी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या जाड स्लाइस येतात आणि कट संपला की न विचारता परत वाढतात. नाशिककर म्हणून मी आमच्या मिसळीची बाजू लावून धरणार होते, पण दुसरा कट आला आणि मी गप्प बसले.

फौंड्रीत पोचलो तेव्हा अंगणात राखाडी रंगाच्या, ओबडधोबड लाद्यांचा ढीग होता. मधोमध खाच, म्हणजे आपटली की तिथे तुटावी. हे पिग आयर्न, म्हणजे झोतभट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड. काही गोव्याकडून आलेलं, काही कर्नाटकातल्या कोप्पळ भागातून. शेजारी भंगार: जुने ब्रेक ड्रम, फुटके पंप, इंजिनाचे ब्लॉक. फोरमनमामा तीसेक वर्षं याच कामात. त्यांना मी उत्साहाने विचारलं, इथे खनिज कुठे टाकतात?

"न्हाई वो वहिनी. लोखंड हितं तयार होत न्हाई. तयार होऊनच येतंय. आम्ही नुसतं पातळ करून वततो."

मुलांचा हमखास गोंधळ होतो तो इथेच. वितळवणं आणि क्षपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भंगार वितळलं तरी आधी लोखंड होतं, नंतरही लोखंडच. खनिजात मात्र लोखंड ऑक्सिजनशी जखडलेलं असतं आणि तो ऑक्सिजन कुणीतरी ओढून न्यावा लागतो; हे क्षपण. झोतभट्टीत ते काम मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड करतो. खालून हजार-बाराशे अंशांची तापवलेली हवा आत येते, कोक (हवेशिवाय भाजलेला दगडी कोळसा) जळतो, नळ्यांच्या तोंडाशी तापमान दोन हजारांच्या वर जातं. तिथे झालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोकमधून वर चढताना पुन्हा कार्बन उचलतो आणि मोनॉक्साइड होतो. हा भुकेला वायू वरून खाली सरकणाऱ्या खनिजातला ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने काढून घेतो. हेमॅटाइट या लाल खनिजाचा आधी काळा मॅग्नेटाइट होतो, मग फेरस ऑक्साइड, मग लोखंड. एक टन पिग आयर्नसाठी साधारण दीड टनाहून जास्त खनिज आणि चारशे-पाचशे किलो कोक लागतो. हा सगळा खटाटोप शेकडो किलोमीटर लांब होऊन गेलेला असतो, आणि त्यानंतर ती खाचेची लादी शिरोलीच्या अंगणात येऊन पडते.

दिराकडे आता इंडक्शन भट्टी आहे. विजेवर चालते, धूर कमी. पण शेजारच्या युनिटात त्या दिवशी क्युपोला पेटणार होता, म्हणून मामा तिकडे घेऊन गेले. उंच पोलादी नळकांडं, आतून विटांचं अस्तर. वरून कोक, चुनखडी, पिग आणि भंगार थरांनी टाकायचं, खालून ब्लोअरचा वारा. तोंड मातीच्या गोळ्याने बंद. एकाने लांब सळीने तो गोळा फोडला आणि धार लागली. पांढरट पिवळी, चटचट ठिणग्या उडवणारी. मामा म्हणाले, "चौदाशेच्या आसपास असंल." शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. पण यात चारेक टक्के कार्बन मुरलेला असतो आणि त्यामुळे वितळणबिंदू साडेअकराशेच्या आसपास उतरतो. ओतीव लोखंडाचा सगळा धंदा या उतारावर उभा आहे.

मला सगळ्यात आवडली ती वेजची चाचणी. धारेतलं चमचाभर लोखंड वाळूतल्या पाचरीच्या आकाराच्या साच्यात ओतलं, लाल असतानाच पाण्यात विझवलं आणि हातोड्याने तोडलं. मामांनी तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला. टोकाकडे चांदीसारखा पांढरा पट्टा, जाड बाजूला करडा. पांढरं म्हणजे कार्बन लोखंडाशी बांधला गेला, माल काचेगत कडक, लेथवर टूल मोडणार. करडं म्हणजे कार्बन ग्राफाइट होऊन सुटा झाला, माल नीट कापला जाणार. पांढरा पट्टा जरा रुंद वाटला तसं मामांनी लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, फेरोसिलिकॉनची मूठभर पूड टाकायला सांगितली, म्हणजे कार्बन सुटा होऊन माल करडा व्हावा. ना काटा ना मीटर. पट्टा नखाने मोजला.

संध्याकाळी भट्टी उतरवताना बुडाचा टेकू साखळीने ओढतात आणि उरलेला जळता कोक, मळी (वितळून वेगळी झालेली घाण), सगळं धाडकन खाली येतं. "वहिनी, मागं व्हा, अजून मागं!" आम्ही जवळजवळ रस्त्यावर गेलो.

फौंड्री बघायची असेल तर ओळखीशिवाय गेटवर उभं राहू नका; आधी फोन करून परवानगी घ्या आणि ओतायची वेळ विचारा, नाहीतर दिवसभर फक्त वाळूचे साचे बघून परत याल. सुती कपडे, बंद बूट. नायलॉनची साडी किंवा जॅकेट अजिबात नको, ठिणगी पडली तर कातडीला चिकटतं. साप्ताहिक सुट्टी कधी हेही विचारून घ्या, ती रविवारीच असते असं नाही.

रात्री तांबडा-पांढरा. जाऊबाईंनी घरी केलेला पांढरा रस्सा मी चार वाट्या प्यायले.

शनिवार : टाऊन हॉल, पन्हाळा, मसाई पठार

सकाळी टाऊन हॉलचं संग्रहालय. इमारत १८७०च्या दशकातली, टोकदार कमानींची, भोवती जुनी झाडं. बहुतेक पर्यटक हे ठिकाण वगळतात, ही चूक करू नका. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या वस्तू इथे आहेत. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं होतं. सगळे बघायला जातात तो रोमन बनावटीचा, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटा ब्राँझ पुतळा. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून कोल्हापूरपर्यंत आलेला माल! नवरा त्याच्यासमोर बराच वेळ उभा होता. तांबं-कथील टिकतं, देखणं राहतं, म्हणून त्याला काचेची पेटी मिळते. लोखंड बिचारं गंजून मातीत परत जातं, म्हणजे ऑक्सिजन पुन्हा गाठतंच.

दुपारी पन्हाळा. तबक उद्यानाजवळ झुणका-भाकर, खर्डा आणि दही खाल्लं. अंबरखाना, सज्जा कोठी वगैरे पूर्वी बघितलेलं, त्यामुळे त्यावर वेळ घालवला नाही. गाडी मसाई पठाराकडे काढली. १६६०च्या पावसाळ्यात महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ती वाट या पठारावरून जाते. दरवर्षी जुलैत शेकडो लोक ती चालतात. जानेवारीत मात्र तिथे वाळकं गवत, भन्नाट वारा आणि दोन धनगर पोरं. फुलं बघायची तर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जा. पाणी बरोबर ठेवा, वर काही मिळत नाही.

पायाखाली सगळा जांभा. खडबडीत, भोकाभोकांचा, गंजाच्या रंगाचा. हातावर घासला की तळवा लाल. खालचा खडक काळा बेसाल्ट. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका आणि विरघळणारे क्षार वाहून नेले आणि न विरघळणारे लोखंडाचे, ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड मागे राहिले. जिथे ॲल्युमिनिअम वरचढ ठरलं तिथे बॉक्साइट. राधानगरीकडे दुर्गमानवाडीला त्याची खाण आहे. गंमत अशी की एकाच खडकातल्या या दोन भावांचा स्वभाव पार उलटा. लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन साध्या लाकडी कोळशाच्या भट्टीत निघून येतो, म्हणून माणसाने तीन हजार वर्षांपूर्वीच लोखंड केलं. ॲल्युमिनिअमची पकड इतकी घट्ट की त्याच भट्टीत बॉक्साइट जन्मभर भाजलं तरी धातूचा कण मिळणार नाही. ॲल्युमिनिअम स्वस्तात काढायला १८८६ साली वीज वापरावी लागली.

शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये लिहिलंय की विशाळगड, पन्हाळा, भुदरगड भागात लोखंडाचं खनिज सापडतं आणि ते गाळणं हा एके काळी इथला मोठा धंदा होता. मजुरी वाढली, जळण महागलं आणि इंग्लंडहून बोटीने येणारं लोखंड स्वस्त पडू लागलं, तसा तो बसला. तिकडे महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक हेच काम करायचे. जंगलातला कोळसा बंद झाला आणि त्यांच्याही भट्ट्या विझल्या. म्हणजे शिरोलीला आज लांबून ट्रकने लाद्या येतात, आणि पन्हाळ्याच्या माथ्यावर खनिज तसंच पडून आहे. अर्थात सगळ्याच जांभ्यात लोखंड काढण्याइतकं लोखंड नसतं. पठारावरचे दगडही उचलू नका.

रविवार : कळ्याच्या पुढे, सरांच्या मळ्यात

गगनबावडा रस्त्याला कळे ओलांडलं की उसाचा पट्टा. सर धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हाताशी इंजिनिअरिंगची सात-आठ पोरंपोरी. मळ्याच्या कडेला त्यांनी मातीची भट्टी उभी केली होती: कमरेच्या वर, आतला व्यास वीतभरापेक्षा थोडा जास्त. वारुळाची माती, भाताचं तूस आणि वाळू. बुडाशी एक तिरकी नळी, तिला फौंड्रीतून आणलेला लहान ब्लोअर. पूर्वी इथे चामड्याचे भाते असत आणि ते दिवसभर आळीपाळीने दाबावे लागत. पोरांनी अर्धा तास हौस म्हणून भाता मारून बघितला होता म्हणे, मग निमूट वायर जोडली.

खनिज म्हणजे सरांच्या विहिरीच्या खोदाईत निघालेल्या जांभ्यातले निवडक जड गोटे. आदल्या दिवशी ते लाकडाच्या जाळात भाजून सुपारीएवढे फोडलेले. भाजण्याआधी ते पिवळट तपकिरी होते, भाजल्यावर विटकरी झाले. अडकलेलं पाणी निघून गेलं. एका मुलीने माझ्या हातात चुंबक दिला. कच्च्या खड्याला तो हुंगतही नव्हता. भाजलेल्यातले काही खडे मात्र टुणकन चिकटले. निखाऱ्यांच्या जवळ राहिलेल्यांतला थोडा ऑक्सिजन तिथेच गेला होता आणि त्यांचा मॅग्नेटाइट झाला होता. म्हणजे भट्टी पेटायच्या आधीच क्षपणाची पहिली पायरी माझ्या तळहातावर.

सकाळी दोन तास नुसती लाकडं जाळून भिंत तापवली. मग लाकडी कोळसा गच्च भरला आणि ब्लोअर सुरू. थोड्या वेळाने वरच्या तोंडाशी निळसर ज्योत नाचायला लागली. "ती जळतेय तोवर आपलं काम चालू आहे," सर म्हणाले. आतला न वापरलेला कार्बन मोनॉक्साइड बाहेरची हवा लागून जळत होता. हाच वायू माणसालाही मारतो, वास येत नाही. त्यामुळे वारा जिकडून येत होता त्या बाजूला सगळ्यांना बसवलं होतं आणि शेडमध्ये भट्टी लावायची नाही हा नियम. घरी कुणी प्रयोग करायला जाल म्हणून मुद्दाम सांगते.

एक घमेलं कोळसा, त्यावर तेवढ्याच वजनाचं खनिज. साधारण दहा-बारा मिनिटांत थर खाली बसला की पुढचा. एक पोरगी वहीत वेळ टिपत होती. नळीच्या भोकातून काळ्या काचेतून बघितलं तर आत पांढरं फटफटीत. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, तिथे साडेबाराशेच्या आसपास दाखवत होता. मी म्हटलं, सर, लोखंड वितळायला हे कमीच आहे. ते हसले. "वितळायचं नाहीच आहे. इथे लोखंड शेवटपर्यंत घट्टच राहणार. वितळते ती घाण."

ते मला दुपारी गुऱ्हाळावर कळलं. जेवणाआधी पोरांनी शेजारच्या गुऱ्हाळात नेलं, ताजा रस आणि काकवी. काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्याने त्यात रानभेंडीचं चिकट पाणी ओतलं. बघता बघता काळपट मळी वर गोळा झाली आणि ती त्याने झाऱ्याने काढून टाकली. रस्त्याने परत येताना सर म्हणाले, भट्टीतही हेच. दगडातली वाळू, माती एकटी वितळायला सोळा-सतराशे अंश मागते. मोठ्या झोतभट्टीत चुनखडी तिला धरते आणि मळी पातळ होऊन वाहते. आपल्या मातीच्या भट्टीत चुना टाकत नाहीत. तिथे लोखंडाच्या ऑक्साइडचाच काही भाग वाळूशी जुळतो आणि ती जोडी बाराशेच्या आसपास वितळते. म्हणजे भेंडीचं काम लोखंडच करतं, आणि त्या भरीला जातं ते परत मिळत नाही. म्हणून जुन्या कीटात, म्हणजे थिजलेल्या मळीत, अजून खूप लोखंड असतं. आयुर्वेदात मंडूर म्हणून हाच जुना कीट भस्माला वापरतात.

चारच्या सुमाराला भिंतीला खाली भोक पाडलं आणि मळी बाहेर आली. काळी, जड, हळू सरकणारी, वर सुरकुत्या पडत जाणारी. शुक्रवारच्या धारेपुढे ही अगदीच मंद. एक मुलगा तोवर मला सांगत होता की कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला तर धुराऐवजी वाफ निघते आणि स्वीडनमध्ये २०२१ साली तसं केलेलं पोलाद एका वाहन कंपनीला दिलंसुद्धा. "पण हायड्रोजनला वीज लागते, ती कुठनं आणायची?" लगेच दुसऱ्याने टोकलं. वाद रंगला, तेवढ्यात सरांनी ब्लोअर बंद करायला सांगितलं.

भट्टीचा पुढचा भाग फोडला. निखारे ओढले आणि दोघांनी लांब सांडशीने आतून एक गोळा काढला. नारळापेक्षा लहान, खडबडीत, पिवळा लाल. लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून घणाने हळूहळू ठोकायला सुरुवात. प्रत्येक घावाला मळीचे थेंब उडत होते, ओंडका पेटत होता, एक पोरगी मगाने पाणी मारत होती. "जोरात न्हाई, जोरात न्हाई, फुटंल!" दीर ओरडत होता, त्याचं आयुष्य ओतण्यात गेलं, ठोकण्यात नाही, पण गप्प बसवेना. दोन-तीन तुकडे तरीही सुटलेच. थंड झाल्यावर वजन: बारा किलो भाजलेल्या खनिजातून एक किलो सातशे ग्रॅम.

दिवसभर उन्हात बसायची तयारी ठेवा, डोक्याला काहीतरी घ्या. गुऱ्हाळं साधारण दिवाळीनंतर सुरू होतात आणि उन्हाळा लागला की थांबतात. या रस्त्याला कुठेही गाडी थांबवून विचारलंत तर लोक आनंदाने रस पाजतात. पैसे घ्यायला तयार नसले तर गूळ विकत घ्या.

सोमवार : उद्यमनगर

ऑइल इंजिनांमुळे नावारूपाला आलेलं हे गावातलं कारखान्यांचं जुनं पेठवजा गाव. अरुंद बोळ, दर दोन दारांआड लेथ. सरांनी गोळ्यातला एक तुकडा आम्हाला दिला होता. दिराच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तो ग्राइंडरला लावला. लांब, पेंढ्याच्या रंगाच्या ठिणग्या, टोकाला फारसे फाटे नाहीत. शेजारी ओतीव लोखंडाचा तुकडा लावला तर आखूड लाल ठिणग्या. वर्कशॉपवाले अण्णा लगेच म्हणाले, "ह्यात कार्बन न्हाई. मऊ हाय." दिराची तो धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रो मशीनवर लावायची फार इच्छा होती, पण लॅबवाल्याने तुकडा बघूनच हात जोडले, आत मळी भरलेली असल्यावर आकडे खोटे येणार.

मग पलीकडच्या बोळातल्या लोहाराकडे. त्याने नेहमीसारखा लालभडक तापवून घाव घातला तर कडेचा भाग चुरा होऊन पडला. तो जरा चिडला, कोळसा वाढवला, भाता जोरात केला आणि पांढरा होईतो थांबला. आता घाव बसला. मळी वितळून बाहेर आली आणि लोखंड लोखंडाला चिकटलं. घडी घालून पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं. तासाभराने बोटाएवढी पट्टी. पैसे विचारले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, पण त्यो दगड कुठं घावतोय ते सांगा."

दुपारी गंगावेशीत दूध पिऊन संध्याकाळची बस धरली.

आठवड्याभराने सरांचा फोन आला. त्यांनी उरलेला गोळा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली घातला होता. बहुतेक भाग मऊ लोखंड, मधे मळीच्या रेषा. फक्त एका कडेला, जिथे तो जास्त वेळ तापल्या कोळशाला टेकून होता, तिथे कार्बन शिरलेला. तेवढा पट्टा पोलाद. पुढच्या हिवाळ्यात भट्टी थोडी उंच करून वारा कमी ठेवणार आहेत, म्हणजे खनिज मोनॉक्साइडमध्ये जास्त वेळ राहील आणि मळीत कमी लोखंड जाईल. दिराला आत्तापासूनच ओंडका आणि घण आणायचं काम लागलंय, आणि या खेपेला बाभळीचा नको, ओला आंब्याचा आण, तो लवकर पेटत नाही, असं त्याला बजावण्यात आलंय.